बंड विकले गेले, संघटना टिकली



१९६० च्या दशकातील अमेरिकन तरुणांच्या बंडाचा विषय निघाला की लांब केस, गिटार आणि फाटक्या जीन्स आपल्यापुढे उभ्या केल्या जातात. ते बंड म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य, असा निर्वाळा देऊन पंडित मोकळे होतात. हा निम्माच इतिहास आहे, आणि तोही मालकवर्गाच्या सोयीचा!

१९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइट-ॲशबरी भागात हजारो तरुण जमले. तेथील 'डिगर्स' गट बागेत फुकट जेवण वाटे, बिनपैशाचे दुकान चालवी. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या भागात 'हिप्पी'ची लुटुपुटीची प्रेतयात्रा निघाली. कारण वृत्तपत्रांनी आणि दुकानदारांनी बंडाचा माल करून टाकला होता. ज्या बंडापाशी मागणीपत्रक नव्हते, वर्गणी नव्हती, कायमची संघटना नव्हती, ते बाजाराने सहज गिळले.

उरलेला निम्मा इतिहास आपल्याच खात्यातला आहे. अमेरिकेतील टपाल कामगाराला नोकरीच्या सुरुवातीला वर्षाला ६,१७६ डॉलर मिळत. कमाल वेतन गाठायला २१ वर्षे लागत. न्यूयॉर्कमध्ये तेवढ्यात घर चालत नसे. संप करणे केंद्रीय कर्मचाऱ्यांना गुन्हा होता. पण नागरी हक्कांचे लढे आणि युद्धविरोधी मोर्चे या कामगारांनीही पाहिले होते. व्हिएतनामहून परतलेले तरुण आणि कृष्णवर्णीय कामगार त्यांच्यात मोठ्या संख्येने होते. अन्यायाचा हुकूम मोडता येतो, हे त्या दशकाने शिकवले होते.

मार्च १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या पोस्टमन शाखेने मतदान घेतले: संपाच्या बाजूने १,५५५, विरोधात १,०५५. राष्ट्रीय नेते कचरले, पण संप पसरला. सुमारे दोन लाख कामगार उतरले. अध्यक्ष निक्सन यांनी पत्रे छाटायला लष्कर पाठवले. पत्रे काही हलली नाहीत! पुढे दोन टप्प्यांत ६ आणि ८ टक्के वाढ मिळाली, २१ वर्षांची वाट ८ वर्षांवर आली आणि ऑगस्ट १९७० च्या कायद्याने वेतनावर सामुदायिक वाटाघाटीचा हक्क दिला. संपाचा हक्क मात्र नाकारला.

आता त्याच सॅन फ्रान्सिस्कोतून निघालेल्या उबरकडे पाहा. "तुम्हीच तुमचे साहेब" ही तिची भाषा त्या जुन्या स्वातंत्र्याचीच उसनवारी आहे. ड्रायव्हरांना कर्मचारी मानावे लागू नये म्हणून उबर, लिफ्ट आणि त्यांच्या सोबतच्या कंपन्यांनी २०२० साली कॅलिफोर्नियातील सार्वमतावर २० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला आणि ते जिंकले. ड्रायव्हर 'स्वतंत्र' झाला. त्याचा ओव्हरटाइम, पगारी आजाररजा आणि बेकारी विमा गेला. आपल्या शहरांतही 'डिलिव्हरी पार्टनर' हा शब्द रुळला आहे. ही कसली भागीदारी? नफ्यात वाटा नाही आणि दर ठरवताना विचारणा नाही!

हुकुमाला "का?" विचारण्याची हिंमत ही त्या दशकाची खरी देणगी आहे. ती आपण नाकारू नये. पण एकट्याने विचारलेल्या प्रश्नाची बाजार जाहिरात करतो. शाखेच्या सभेत हात वर करून विचारलेल्या प्रश्नाला सरकारला उत्तर द्यावे लागते. तेव्हा खात्यातल्या नव्या मुलांना, कंत्राटी साथींना युनियनच्या सभेला आणा. त्यांच्या जीन्सवर टीका करत बसू नका. त्यांच्या प्रश्नाला संघटनेचे बळ द्या.

कामगार एकजुटीचा विजय असो!