उचलीची संमती

२०२१ मधील ‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेत कर्जबाजारी खेळाडू पहिल्या संहारानंतर बहुमताने सुटका करून घेतात. पण बाहेर कर्ज उभेच असल्याने बहुतेक जण आपण होऊन परततात. खरी भीषणता या परतण्यात आहे. पाथर्डीच्या ऊसतोड मजुराला ती परकी वाटणार नाही. मुकादमाची उचल घेऊन तो सपत्नीक फडावर जातो. दोघे मिळून ‘कोयता’ मात्र एकच. उचल फिटली नाही, तर बाकी पुढील हंगामाच्या माथी बसते. ज्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याची चाके फिरू लागली, त्याच जिल्ह्यातील मजूर सहकाराच्या उंबऱ्याबाहेर राहावा, हे शोचनीय होय. कर्जाने वाकलेल्या मानेचा होकार म्हणजे संमती नव्हे. उचलीचा हिशेब मजुराच्या हाती आणि त्याची जबाबदारी कारखान्याच्या शिरावर आल्याखेरीज हा खेळ थांबणार नाही.