भिंतीवरचे घरचे दफ्तर

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला की भिंतीवरच्या कॅलेंडराचेही दिवस भरत येतात. नवे कुठून मिळेल याची चौकशी सुरू होते. यंदा ते घरीच करावे, आपल्याच फोटोंचे करावे, असे माझे सांगणे आहे. पण एका अटीवर. त्यावर लिहिता आले पाहिजे.

फोटोंची कॅलेंडरे हल्ली दुकानातून करून मिळतात. चकचकीत असतात, तारखांचे चौकोन मात्र एवढे, की मुंगीने सही करावी. वाचकहो, आपल्या यवतमाळकडच्या घरांत कॅलेंडर म्हणजे निम्मे दफ्तर. दुधाचा खाडा, सिलिंडरची तारीख, गाय कधी फळली, वेचणीचे किलो, सारे त्यावर. घाटंजीकडे आमच्या वहिनींची शेती आहे. दोन वर्षांपूर्वी कापूस वेचणाऱ्या एका बाईचा आणि वहिनींचा 18 किलोंवरून वाद झाला. हिशेब होता डिसेंबरच्या पानावर, आणि महिना संपताच ते पान पुतण्याच्या वहीचे कव्हर होऊन शाळेत गेले होते! संध्याकाळी दप्तर उघडले, कव्हर उलगडले. बाईचे म्हणणे खरे निघाले. वहिनींनी तिथल्या तिथे पैसे मोजले. त्या वर्षापासून त्यांच्या घरचे कॅलेंडर मी बांधून देतो. पाने फाडायची नाहीत, उलटायची.

कागद ए-3 मापाचा, म्हणजे 297 × 420 मिलिमीटर, उभा धरावा. वरच्या अर्ध्यात फोटो, खालच्या अर्ध्यात तारखा. चौकोन 3.8 सेंटिमीटर रुंद आणि 2.5 उंच पडतो; दोन ओळी सुखाने मावतात. आठवडा रविवारपासून मांडत असाल तर आडव्या ओळी सहा ठेवा, कारण 31 दिवसांचा महिना शनिवारी सुरू झाला की पाच ओळींत बसत नाही. कागद 170 जीएसएमचा, बिनचकाकीचा घ्यावा. चकाकीवर बॉलपेन घसरते. अशी बारा पाने पाव किलो भरतात, तेव्हा खिळा पक्का हवा.

बांधणीआधी एक परीक्षा करावी. कागदाचे तंतू एका दिशेने असतात. लहानसा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला केला की तो नळीसारखा वळतो. नळीच्या लांबीकडे तंतू. ही दिशा वरच्या कडेला समांतर राहू द्या, नाहीतर पाने उलटताना ताठ उभी राहतात. मग वरच्या कडेला पुढेमागे बांबूची चपटी कामटी लावावी, तिच्या लगेच खाली टोच्याने पाच भोके पाडावीत, आणि मेण लावलेला सुती दोरा भोकातून घेऊन कामटीवरून वेढत न्यावा. कापसाच्या जिल्ह्यात नायलॉनची दोरी कशाला? भोकांखाली बोटभर अंतरावर बोथट सुरीने रेघ ओढून दुमड आधीच पाडून ठेवावी.

फोटो खळीने चिकटवू नका, पान सुरकुतते. चारी कोपऱ्यांना कागदी खाचा पुरतात. जुना फोटो असेल तर प्रत लावावी आणि मूळ पेटीत राहू द्यावा; उजेडाने तो फिका पडतो. निवडीत मात्र लोक लग्नाच्या फोटोंवरच अडतात. जुलैला जुलैतलाच, पेरणीच्या चिखलातला फोटो लावून पाहा. ज्या महिन्यात आजोबांचे श्राद्ध, त्या महिन्याला आजोबा. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढून देवदेवता घरोघरच्या भिंतींवर नेल्या. त्यांच्या शेजारी आजोबांना जागा मिळायला हरकत नसावी.

आता तारखा. जुन्या कॅलेंडरावरून उतरवण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक आहे. 2015 चे वार 2026 ला तंतोतंत जुळतात. पण सण तेथून घ्याल तर फसाल: 2015 त अधिक आषाढ होता, 2026 चा अधिक मास ज्येष्ठ. सण पंचांगावरूनच घ्यावेत. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा शाईने लिहा. सीतादहीला मात्र आधी चौकोन देता येत नाही. बोंडे फुटली, बाया ठरल्या, की मग पेन्सिलीने.