कसोटी आणि श्रद्धा

गेल्या सत्रात एका विद्यार्थ्याने भर वर्गात आम्हांस विचारिले, “सर, देव आहे हे विधान खोटे ठरवू शकेल असा एखादा प्रयोग आहे काय? नसल्यास ते खरे तरी कसे मानावे?” मुले हसली, आम्हांस मात्र हसू आले नाही. प्रश्न उद्धट नव्हता, प्रामाणिक होता. इतक्यात घंटा झाली व आमची सुटका झाली. ते राहिलेले उत्तर येथे देत आहो.

या प्रश्नामागे कार्ल पॉपर या तत्त्ववेत्त्याचा विचार आहे. सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश सुमारे 1.75 विकला वळला पाहिजे, असे आइन्स्टाइनचे 1915 चे गणित होते. न्यूटनच्या नियमाने तो कोन निम्माच येई. 29 मे 1919 च्या खग्रास ग्रहणात एडिंग्टनने प्रिन्सिपी बेटावरून व दुसऱ्या तुकडीने ब्राझीलमधील सोब्राल येथून छायाचित्रे घेतली. मापे आइन्स्टाइनच्या बाजूने पडली. तरुण पॉपरच्या मनावर ठसले ते हे यश नव्हे, तर त्यात पत्करलेला धोका. मापे उलट आली असती तर सिद्धांत टिकला नसता. ज्या विधानाविरुद्ध कोणताही अनुभव जाऊच शकत नाही, ते शास्त्रीय नव्हे, असे त्याने 1934 च्या आपल्या जर्मन ग्रंथात प्रतिपादिले.

ही कसोटी आम्हांस मान्य आहे. प्रार्थना फळली तर देवाची कृपा, न फळली तर देवाची इच्छा, असे आमचे धर्मबंधू म्हणतात. भक्ताच्या मुखी ते शोभते. परंतु दोन्ही निकालांस जे सारखेच जुळते, त्यास प्रयोगाने सिद्ध झालेले म्हणणे सचोटीचे नव्हे. तसेच धर्माच्या नावाने कोणी पृथ्वीच्या वयाविषयी किंवा रोगाच्या औषधाविषयी विधान केले, तर त्याने शास्त्राच्या परीक्षेस बसलेच पाहिजे.

आमच्या बुद्धिवादी मित्रांसही एक विनंती आहे. पॉपरने ही रेषा शास्त्र कोणते हे ठरविण्यास आखिली; अर्थपूर्ण कोणते हे ठरविण्यास नव्हे. दुर्बळास छळू नये, हे वाक्य कोणत्या दुर्बिणीने खोटे ठरेल? तथापि त्यावाचून एकही शाळा एक दिवस चालणार नाही. अशा विधानांस परीक्षा नसते असे नाही. तेथे परीक्षक निराळे असतात, युक्तिवाद आणि आचरण. एडिंग्टन स्वतः क्वेकर पंथाचा होता. विश्व प्रसरण पावत आहे असे 1927 मध्ये मांडणारा लमेत्र हा कॅथलिक धर्मगुरू; तरी आपल्या सिद्धांतास धर्माचा पुरावा करणे त्यास मान्य नव्हते. दोघांनीही गणितातील उणीव श्रद्धेने भरून काढिली नाही.

तेव्हा त्या विद्यार्थ्यास आमचे उत्तर असे: बाळा, तू मागतोस तो प्रयोग आमच्यापाशी नाही. म्हणून आमच्या श्रद्धेस आम्ही शास्त्र म्हणणार नाही. पण आमच्या वागण्यात ती पोकळ आढळली, तर तसे तोंडावर सांगण्याचा तुला अधिकार आहे. थोमाने जखमा पाहण्याचा हट्ट धरिला, तेव्हा प्रभूने त्यास दाराबाहेर घालविले नाही. मग शिक्षकाने तरी का घालवावे?