प्रयोगशाळेचे कुलूप उघडा

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची, अर्थात 'एम्स'ची संगणक यंत्रणा कोलमडली. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद करून टाकली आणि देशातील अग्रगण्य रुग्णालयात रुग्णांच्या नोंदी कित्येक दिवस हाताने लिहिण्याची वेळ आली. संशयाची सुई परदेशाकडे वळली, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु या प्रकरणाची जी माहिती शासनाने संसदेत दिली, तीत एक कारण अगदी साधे होते. रुग्णालयाच्या नेटवर्कचे योग्य विभाजन केलेले नव्हते.

हे विभाजन म्हणजे काय, हे समजण्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही. जुन्या वाड्यात ओसरी, माजघर आणि कोठीची खोली यांना स्वतंत्र दारे असत. ओसरीवर आलेला पाहुणा थेट कोठीत शिरू शकत नसे. नेटवर्कमध्येही रुग्णांच्या नोंदी, कार्यालयीन कामकाज आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे इंटरनेट यांत अशाच भिंती घालायच्या असतात. म्हणजे एका खोलीत चोर शिरला, तरी अख्खे घर त्याच्या हाती लागत नाही. नेटवर्कच्या कोणत्याही प्राथमिक पाठ्यपुस्तकात हा धडा आहे. एक साधा स्विच आणि चार संगणक असले की दुपारभरात तो प्रत्यक्ष करून पाहता येतो.

प्रश्न असा की, आपली मुले तो करून पाहतात का?

अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि तंत्रनिकेतनांत 'प्रॅक्टिकल' या नावाखाली काय चालते, हे घरात शिकते मूल असलेल्या पालकांना वेगळे सांगायला नको. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची प्रयोगवही उतरवून काढायची, सबमिशनच्या आदल्या रात्री जागून आकृत्या पूर्ण करायच्या आणि सही घ्यायची. नेटवर्क जोडायचे ते संगणकाच्या पडद्यावर, आभासी. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तर चक्क विकत मिळतो. त्याची दुकाने आहेत आणि त्यांच्या जाहिरातीही होतात. महागडा सर्व्हर मात्र काचेच्या कपाटात, कुलपात. तपासणी समिती आली की त्याची धूळ झटकायची. बिघडला तर जबाबदार कोण, ही प्राध्यापकांची भीती अगदीच निराधार नाही. जडवस्तू नोंदवहीत प्रत्येक यंत्राचा हिशेब त्यांच्याच नावावर असतो. तथापि, जे यंत्र बिघडू शकत नाही, ते शिकवूही शकत नाही.

एक उदाहरण पुरे आहे. नेटवर्कच्या तारेत आठ रंगीत तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्यांत पीळ घातलेल्या. त्या टोकाच्या जोडणीत विशिष्ट क्रमाने बसवाव्या लागतात. एखाद्या विद्यार्थ्याने दोन्ही टोकांना सारखाच, पण चुकीचा क्रम लावला, तर साध्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात. तार 'उत्तीर्ण' होते, पण काम करताना अडखळते. पीळ असलेली जोडी फुटलेली असते आणि एका जोडीतील संदेश दुसरीत झिरपतो. पडद्यावरच्या आभासी नेटवर्कमध्ये अशी तार कधीच बिघडत नाही. ज्याने ती स्वतःच्या हाताने बसवली, दोन तास दोष शोधला आणि अखेर कापून पुन्हा बसवली, तो विद्यार्थी ती जन्मात विसरत नाही. सर्व्हरचेही तसेच आहे. डीएनएसच्या नोंदीत बदल केला, पण तिचा अनुक्रमांक वाढवायला विसरला, तर दुय्यम सर्व्हर जुनेच उत्तर देत राहतो. बॅकअप रोज होत असतो, पण त्यातून माहिती परत उभी करून पाहिलेलीच नसते. या गोष्टी वाचून कळतात. अंगी मात्र त्या हातानेच मुरतात.

आता सगळे क्लाउडवर असते, मग हे लोखंड कशाला, असा युक्तिवाद ऐकू येतो. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या घरातला सर्व्हर. दुसऱ्याने दार लावून घेतले म्हणजे काय होते, हे देशाने जुलै २०२५ मध्ये पाहिले. युरोपीय महासंघाने निर्बंध जाहीर करताच गुजरातमधील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालविणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने बंद केल्या. भारतीय भूमीवर, भारतीय कायद्यानुसार चालणाऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना स्वतःचाच पत्रव्यवहार उघडता येईना. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर सेवा पूर्ववत झाल्या, हे खरे. परंतु सार्वभौम राष्ट्रातील एका मोठ्या उद्योगाची टपालपेटी परक्या देशातून बंद होऊ शकते, हे त्या काही दिवसांत स्पष्ट झाले.

अशा नकारांना उत्तर देण्याची परंपरा आपल्याकडे आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेने हवा तसा महासंगणक देण्यास नकार दिला. त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील 'परम रुद्र' महासंगणकांचे लोकार्पण झाले. ही शिखरे अभिमानास्पदच आहेत. पण तालुक्याच्या रुग्णालयाचा, जिल्हा बँकेचा, नगरपालिकेचा सर्व्हर सांभाळणारा तरुण शिखरावरून येत नाही. तो गावोगावच्या महाविद्यालयांतून येतो. स्वदेशीच्या घोषणा देणाऱ्यांनीही, आपल्या संस्थांच्या महाविद्यालयांत एखादा मेल सर्व्हर विद्यार्थ्यांनी उभारलेला आणि सांभाळलेला आहे काय, हे एकदा पाहावे.

खर्चाची सबब फार टिकणारी नाही. लिनक्स विनामूल्य आहे. कंपन्या आणि बँका जे संगणक काढून टाकतात, त्यांतील बहुतेक या कामाला पुरेसे असतात. आठ जीबी स्मृतीच्या एका संगणकावर तीन-चार छोटे आभासी सर्व्हर सहज चालतात. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात मराठीतूनही पाठ उपलब्ध आहेत. खरी अडचण परीक्षापद्धतीची आहे. विद्यापीठाने प्रयोगवहीचे गुण निम्म्यावर आणावेत आणि बाह्य परीक्षकाने चालू नेटवर्कमध्ये एक बिघाड करून ठेवावा. तो कसा शोधला, कोणती शक्यता आधी तपासली, यावर गुण द्यावेत. दोष सापडला नाही तरी शोधण्याची रीत योग्य असेल, तर विद्यार्थी उत्तीर्ण व्हावा. अशा परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटूनही उपयोग नाही.

पालकांनीही मुलाच्या प्रकल्पाचे सुबक बांधलेले पुस्तक पाहून समाधान मानू नये. त्याला त्याने केलेली चूक विचारावी. आणि माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी करणारे जे असंख्य कार्यकर्ते आहेत, त्यांनी महिन्यातला एक शनिवार जवळच्या महाविद्यालयाला द्यावा. प्राचार्यांची भेट घ्यावी आणि प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे असते, ती किती वाजेपर्यंत मिळते, एवढी चौकशी तरी आधी करावी.