पंथांतर आणि आमिषाचा सिद्धान्त

धर्मांतर म्हणजे पैशाने केलेली खरेदी, हा सिद्धान्त महाराष्ट्रात आता इतका रुळला आहे की त्याला पुरावा मागण्याची गरजही कोणाला वाटत नाही. गरीब माणसाने श्रद्धा बदलली की त्याला कोणीतरी काहीतरी दिले असलेच पाहिजे, असे गृहीत धरून भाषणे होतात, मोर्चे निघतात आणि कायद्यांचे मसुदे तयार होतात. या गृहीतकात गरिबाचा जो अपमान आहे तो क्षणभर बाजूला ठेवला, तरी अर्थशास्त्रातील कोणत्याही सिद्धान्ताप्रमाणे हाही सिद्धान्त तपासून घेणे भाग आहे. त्यासाठी एक उत्तम कसोटी उपलब्ध आहे. ती म्हणजे कॅथलिक चर्च सोडून इतर ख्रिस्ती पंथांत जाणारी माणसे.

ही कसोटी उत्तम अशासाठी की येथे जमाखर्चाची दोन्ही पाने स्पष्ट दिसतात. कॅथलिक चर्चपाशी शाळा आहेत, महाविद्यालये आहेत, वसतिगृहे व दवाखाने आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची दफनभूमी आहे. ज्या पेन्टेकॉस्टल किंवा स्वतंत्र मंडळीकडे माणूस जातो तिच्यापाशी बहुधा भाड्याची एक खोली, वर पत्रे, खाली सतरंजी आणि एक ढोलकी असते. लाभच हवा असेल तर माणसाने श्रीमंत दार सोडून गरीब दारी का जावे? बरे, सरकारकडूनही त्याला काही मिळत नाही. अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध दलितांना त्यांत स्थान मिळाले. ख्रिस्ती दलित मात्र आजही बाहेर आहे, मग तो कोणत्याही पंथाचा असो. ओडिशाचा 1967 चा कायदा धर्मांतराची व्याख्या ‘एक धर्म सोडून दुसरा स्वीकारणे’ अशीच करतो, आणि मध्य प्रदेशाचा 1968 चा कायदाही 2021 मध्ये रद्द होईपर्यंत तशीच करीत होता. तेव्हा हे पंथांतर अशा व्याख्येच्या नजरेसही पडत नाही. तात्पर्य, येथे आमिष नाही, अनुदान नाही, आरक्षण नाही. आणि तरीही माणसे जातात. का जातात, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार बारामती आणि इंदापूर या तालुक्यांच्या संदर्भात करणे विशेष उद्बोधक ठरेल. नीरेच्या कालव्यांनी आणि सहकारी साखर कारखान्यांनी या भागाचा एक हिस्सा समृद्ध केला. दुसरा हिस्सा जिरायतीवर आणि दुसऱ्याच्या फडातील मजुरीवर जगत राहिला. याच भागात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ या पंथाचे मिशन आले. त्या पंथात बिशप नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार आपण पाहते, वडीलजन निवडते, आणि बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या निर्णयाने घेतला जातो. या मिशनचा इतिहास निष्कलंक नाही. ब्रिटिश सरकारने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते त्या जमातींची बारामतीतील वसाहत चालविण्याचे काम या मिशनने पत्करले होते, म्हणजे उपदेशक आणि पहारेकरी या दोन्ही भूमिका त्याने एकाच वेळी केल्या. पण बिशपवाचूनही ख्रिस्ती राहता येते, हे येथील दलित-भटक्या माणसाने शंभर वर्षांपूर्वीच पाहिले होते, एवढे निश्चित.

शेजारच्या दौंड तालुक्यातील केडगावचा दाखला याहून बोलका आहे. पेन्टेकॉस्टल पंथ म्हणजे अमेरिकेतून आयात केलेले खूळ, असे सांगण्याची प्रथा आहे आणि त्याचा इतिहास लॉस एंजेलिसमधील 1906 च्या घटनांपासून सुरू केला जातो. वस्तुतः पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचलेल्या मुली व विधवा 1905 सालीच त्या प्रकारच्या उत्कट, मोकळ्या सामुदायिक प्रार्थनेत सामील झाल्या होत्या. ज्यांना घरात बोलण्याची मुभा नव्हती त्या स्त्रिया तेथे मोठ्याने, रडून, आपल्या शब्दांत देवाशी बोलल्या. आणि खुद्द रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही तेथील अँग्लिकन भगिनींचा धर्मविषयक अधिकार डोळे मिटून मान्य केला नाही. हिंदू शास्त्र्यांचे जू झुगारून आलेल्या विदुषीने दुसरे जू का घ्यावे?

गोव्यातील उदाहरण तर थेट कॅथलिक चर्चमधलेच आहे. फादर आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर अल्वारिस हे कॅथलिक धर्मगुरू आणि निर्भीड पत्रकार. पोर्तुगीज सत्तेवर आणि धर्मसत्तेवर टीका केल्याबद्दल त्यांना छळ सोसावा लागला. पोप आणि पोर्तुगाल यांच्यात 1886 मध्ये करार होऊन भारतातील अनेक चर्चेस एका अधिकारक्षेत्रातून दुसऱ्यात गेली. ज्यांच्या श्रद्धेचा हा व्यवहार झाला त्यांना कोणी विचारले नाही. 1889 मध्ये अल्वारिस केरळातील सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरेत बिशप झाले, कर्नाटकातील ब्रह्मावर येथील कोंकणी कॅथलिकांतील एक गट त्यांच्या बाजूने गेला, आणि 1923 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पणजीच्या परिसरात रोग्यांची व निराधारांची सेवा करीत राहिले. त्यांनी चर्च सोडून काय कमावले? अटक, अवहेलना आणि दारिद्र्य.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. लॅटिन अमेरिकेतील अठरा देशांत आणि पोर्टो रिकोत प्यू संशोधन केंद्राने केलेल्या पाहणीचा अहवाल 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. कॅथलिक घरात वाढून पुढे प्रॉटेस्टंट झालेल्यांना कारणे विचारली असता सुमारे 81 टक्क्यांनी देवाशी वैयक्तिक नाते हवे होते असे सांगितले, सुमारे 69 टक्क्यांना नव्या मंडळीची उपासनापद्धती आवडली होती. अधिक चांगल्या आर्थिक भवितव्याचे कारण देणारे अवघे 14 टक्क्यांच्या आसपास होते. आणि हा तोच भूभाग की जेथे मेडेलिन येथील 1968 च्या परिषदेनंतर कॅथलिक धर्मपंडितांनी मुक्तीचे ईश्वरविज्ञान मांडून गरिबांचा पक्ष घेतला होता. चर्चने गरिबांची बाजू निवडली. पण निवड करणारे चर्चच राहिले, गरीब नव्हे. 1985 मध्ये लिओनार्दो बॉफ यांच्यावर रोमने मौन लादले तेव्हा तर गरिबांच्या बाजूने बोलण्याची परवानगीही वरूनच यावी लागते हे सर्वांना कळून चुकले.

मूळ दुखणे येथे आहे. 1983 च्या धर्मविधिसंहितेनुसार धर्मग्रामाच्या पाळकीय समितीला केवळ सल्ला देण्याचा अधिकार आहे. बिशप रोमहून नेमला जातो, फादरांची बदली बिशप करतो, आणि प्रापंचिक माणूस पिढ्यान्‌पिढ्या बाकावर बसून राहतो. स्त्रीला वेदीवरील धर्मगुरूपद मिळणारच नाही, असे 1994 मध्ये पोपने कायमचे जाहीर केले. त्यात जातीची भर. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये भेदभाव आहे याची कबुली दिली, हे प्रांजळपणाचे झाले. परंतु मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशियस 1953 मध्ये पहिले भारतीय कार्डिनल झाले आणि पहिला दलित कार्डिनल व्हायला 2022 साल उजाडावे लागले. एकोणसत्तर वर्षांचे हे अंतर कोणत्या ईश्वरविज्ञानाने भरून काढणार?

याउलट पत्र्याच्या खोलीत काय घडते? तेथील पास्टर पुष्कळदा स्वतः मजुरी केलेला असतो. सभेत उठून आपली साक्ष देण्याचा हक्क ऊस तोडणाऱ्या बाईलाही असतो. तिचे नाव सर्वांना ठाऊक असते, ती एक रविवार आली नाही तर कोणीतरी तिच्या झोपडीपर्यंत येते. घरात आजारी माणूस असेल तर त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते. आणि दारूवर कडक बंदी असते. एलिझाबेथ ब्रुस्को यांनी कोलंबियातील अभ्यासावरून 1995 मध्ये दाखवून दिले की नव्या पंथात गेलेल्या पुरुषाचा दारू-जुगारावरील खर्च थांबतो आणि तो पैसा घराकडे वळतो. म्हणून स्त्रिया पुढे होतात. शेतमजुराच्या घरचा हिशेब ज्याने पाहिला आहे त्याला हे कोलंबियाहून शिकण्याची गरज नाही.

यावर धर्मसत्तेचे उत्तर ठरलेले आहे: हे पंथवाले आमची मेंढरे पळवितात. हे उत्तर देताना इतिहासाचे भान ठेवलेले बरे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन, अँग्लिकन मिशन आणि जेझुइट असे तिघे काम करीत होते, आणि कॅथलिकांच्या पहिल्या मंडळ्यांत प्रॉटेस्टंटांकडून आलेली कुटुंबेही होती. तेव्हा ती सत्याकडे आलेली माणसे होती. आज तीच उलट दिशेने निघाली तर चोरीस गेलेली मेंढरे कशी होतात? माणसाला मेंढरू समजण्यातच त्याच्या जाण्याचे अर्धे कारण दडलेले आहे.

अर्थात पत्र्याची खोली म्हणजे समाजवादाची शाखा नव्हे. दशमांशाचा हिशेब अनेक ठिकाणी पास्टरच्या घराबाहेर पडत नाही. मंडळी ही त्याची कौटुंबिक मालमत्ता बनते. प्रार्थनेने रोग बरा होतो असे सांगून औषध बंद करविणे हा गुन्हेगारी स्वरूपाचा अनाचार आहे, आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यापुढे बुवा, बाबा आणि पास्टर यांत फरक करण्याचे कारण नाही. श्रीमंती हाच देवाचा आशीर्वाद असे शिकविणारे प्रवचन तर भांडवलशाहीची उघड आरती आहे. परंतु ज्या तालुक्यात एका शस्त्रक्रियेने कुटुंब कर्जात बुडते तेथे प्रार्थनेने बरे होण्याची आशा का विकली जाते, हे आधी विचारले पाहिजे. आरोग्यसेवा ही नागरिकाचा हक्क म्हणून मिळाली तर त्या आशेचे दुकान आपोआप ओस पडेल.

शेवटचा हिशेब समाजवादी चळवळीने स्वतःशी मांडावयाचा आहे. 1978 मध्ये जनता पक्षाच्या राजवटीत ओमप्रकाश त्यागी यांनी धर्मांतरावर निर्बंध घालणारे विधेयक लोकसभेत आणले तेव्हा ते त्याच पक्षाच्या बाकांवरून आले होते, याचा विसर पडता कामा नये. आमिषाचा सिद्धान्त परक्यांनीच मांडला असे नाही. गरिबाला स्वतःचे मत असूच शकत नाही ही समजूत पुरोगाम्यांच्या मनातही घर करून आहे. श्रद्धेला अफू म्हणून मोकळे होणाऱ्या कार्यकर्त्याने एवढेच पाहावे की आपल्या शाखेच्या सभेत ऊसतोड बाई शेवटची कधी उठून बोलली होती, आणि ती आली नाही तेव्हा तिच्या झोपडीपर्यंत कोण गेले होते.

म्हणून कार्यक्रम स्पष्ट असावा. धर्मांतर आणि पंथांतर या दोहोंचे स्वातंत्र्य निरपवाद मानावे. ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात यासाठी लढावे. चर्चच्या संस्थांत निवडून आलेल्या प्रापंचिकांचा आणि स्त्रियांचा निर्णायक अधिकार असावा, ही तेथील पुरोगामी कॅथलिकांची मागणी उचलून धरावी, आणि तोच न्याय पास्टरच्या हिशेबवहीलाही लावावा. आणि हे सर्व करताना आपल्या संघटनेची सतरंजी एवढी रुंद करावी की ज्याला कोठेही बोलू दिले गेले नाही तो तिच्यावर येऊन बसेल आणि बोलेल. गरीब माणूस आमिषाच्या मागे जातो असे म्हणणाऱ्यांना दुसरे उत्तर देण्याची मग गरज उरणार नाही.