दोन दिवस आधी या

रात्री साडेनऊला आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन कामं एकदम सुरू व्हायची. एका टोकाला माझा लॅपटॉप, कानात हेडफोन आणि पलीकडे कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजलेला क्लायंट. दुसऱ्या टोकाला वहिनी, हिंदीतलं जाडजूड पुस्तक आणि मुलाच्या कंपासपेटीतून उचललेला पिवळा हायलाइटर. माझा माइक म्यूट दिसला की त्या हळूच विचारायच्या, "भाऊजी, केराटिन म्हणजे नेमकं काय हो?" आणि मी, बीई कॉम्प्युटर, बारा वर्षांचा अनुभव, गुपचूप दुसरा टॅब उघडून शोधायचो.

या सदराचे जुने वाचक जाणतात की २०२० साली पुण्याहून लॅपटॉप उचलून मी बालाघाटला आलो आणि इथलाच होऊन राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, लग्नाची खरेदी गोंदियाला आणि मोठं दुखणं नागपूरला, असा आमचा जिल्हा. १९५६ पर्यंत नागपूर आणि आम्ही एकाच राज्यात होतो, ती सवय काही सुटलेली नाही. त्याच वर्षी दादाची कापडदुकानातली नोकरी गेली आणि घराच्या समोरच्या खोलीत पडद्याआड चालणारं वहिनींचं पार्लर, जे तोवर "वहिनींचा हातखर्च" होतं, ते घरखर्च झालं.

वहिनींनी लग्नाआधी माहेरी, नागपुरात, तीन महिन्यांचा क्लास केला होता. त्या भांडवलावर चौदा वर्षं आयब्रो, वॅक्सिंग, फेशियल, नवरीचा मेकअप, केसांचा रंग सगळं चाललं. कुणी कागद मागितला नाही. मागणार तरी कोण? आपल्याकडे पार्लर उघडायला दुकानाचा गुमास्ता लागतो, पण आत बसणाऱ्या बाईला काय येतं हे कुणीही तपासत नाही. माझी मामेबहीण टेक्सासमध्ये असते. तिथे पैसे घेऊन कुणाच्या केसाला हात लावायचा तर आधी १००० तासांचं प्रशिक्षण, मग राज्याची परीक्षा, मग लायसन्स. २०२१ पूर्वी हेच तास १५०० होते. कॅलिफोर्नियानेही २०२२ पासून १६०० चे १००० केले. हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तिकडे आधी शिकतात मग करतात. आपण आधी करतो."

"मग शिकतो," असं त्या पुढे म्हणाल्या नाहीत. कारण २०२२ च्या दिवाळीत जे झालं होतं ते आमच्या दोघांच्याही डोक्यात होतं.

शेजारच्या काकू दर दिवाळीला वहिनींकडून केसांना रंग लावून घेत. तोच रंग, तीच कंपनी, निदान दहा वेळा लावलेला. त्या वर्षीही लावला. दुसऱ्या दिवशी टाळू खाजायला लागली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. कपाळ, कान, मान सगळं लाल, त्यातून पाणी येत होतं. दादाने त्यांना स्कूटरवर बसवून जिल्हा रुग्णालयात नेलं. इंजेक्शनं, गोळ्या, आठवडाभरात सूज उतरली. काकूंनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं, "डोळ्यांना इन्फेक्शन झालं होतं." पार्लरचं नावसुद्धा काढलं नाही. पुढच्या महिन्यात आवळ्याचं लोणचं पाठवलं, दरवर्षीसारखं.

काकू रागावल्या असत्या तर वहिनींना सोपं गेलं असतं, असं मला आजही वाटतं. त्यांनी केसांचा रंग लावणं बंद केलं. गिऱ्हाइकाला सांगायच्या, माल संपलाय. डबे कपाटात तसेच. आणि अधूनमधून, भाजी निवडताना वगैरे, एकच प्रश्न. दहा वेळा काही झालं नाही, मग अकराव्यांदाच का?

२०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आयटीआयमध्ये कॉस्मेटोलॉजी ट्रेडला प्रवेश घेतला. एक वर्षाचा अभ्यासक्रम, दहावी पास एवढी अट. वर्गात सगळ्या अठरा-एकोणीसच्या मुली आणि या एकोणचाळीसच्या. पहिल्या दिवशी एका मुलीने त्यांना मॅडम समजून "गुड मॉर्निंग" म्हटलं. ८० टक्के हजेरी लागते, म्हणून पार्लर दुपारी चारनंतर. आईला हे पटलं नव्हतं. "दुसऱ्यांचे पाय धुवायला सरकारी परीक्षा कशाला हवी?" पेडिक्युर हा शब्द आई असाच उच्चारते.

इथे थोडं विषयांतर करतो. माझ्या लहानपणी लग्नघरी न्हावीणकाकू यायच्या. घरच्या बायकांची नखं काढायच्या, पाय घासून स्वच्छ करायच्या, आलता लावायच्या. त्यांना कुणी सर्टिफिकेट विचारलं नाही, आणि बसायला खुर्चीही दिली नाही. तेच काम एसी, आरसा आणि इंग्रजी नाव घेऊन आलं तेव्हा आमच्यासारख्या घरातल्या सुनांना ते चालायला लागलं. आईचा आक्षेप कुठून येतो ते मला कळतं, म्हणून मी तिच्याशी वाद घातला नाही. घालायला हवा होता.

तर अभ्यास. लेखी परीक्षा कॉम्प्युटरवर, पर्याय निवडायचे, चुकलं तरी गुण कापत नाहीत. पास व्हायला थिअरीत ३३ टक्के पुरतात, पण प्रॅक्टिकलमध्ये ६० लागतात. मला याची गंमत वाटली. आमच्या बीईला प्रॅक्टिकलचे गुण जर्नलवर सही असली की खिरापतीसारखे मिळायचे. वहिनींना प्रॅक्टिकलची काळजी नव्हती. काळजी होती माउसची. भुवईतला एकेक केस मोजून उडवणारा तो हात माउसवर ठेवला की थरथरायचा. मी एका रविवारी सराव परीक्षेचं एक साधं पान तयार करून जुन्या लॅपटॉपवर टाकलं. 'भारत स्किल्स' पोर्टलवरच्या प्रश्नसंचातले प्रश्न, चार पर्याय, पुढे, मागे, सबमिट. माझ्या आयुष्यातलं हे एकमेव सॉफ्टवेअर ज्याच्या युजरने मला समोर बसून शिव्या घातल्या.

पुस्तकात विसंक्रमण, निर्जंतुकीकरण असे शब्द आले की त्या अडखळायच्या. मग आम्ही घरचे अर्थ लावले. धुणं, औषधात बुडवणं आणि कुकर. ऑटोक्लेव्ह म्हणजे १२१ अंश, १५ पौंड दाब, पंधरा मिनिटं. आपला घरचा कुकरही साधारण तेवढ्याच दाबावर शिटी देतो, हे सांगितल्यावर तो आकडा त्या पुन्हा विसरल्या नाहीत. हेपटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या थेंबात, शरीराबाहेर, सात दिवस जिवंत राहू शकतो हे वाचलं त्या रात्री त्यांनी नखांची सगळी लोखंडी हत्यारं काढून उकळत ठेवली. आयब्रोच्या दोऱ्याचं एक टोक दातात धरायची पद्धत तुम्ही पाहिली असेल. तीही गेली. आता दोरा मानेत अडकवतात. सुरुवातीला एका भुवईला दुप्पट वेळ लागायचा आणि वाट पाहणाऱ्या बायका चुळबुळायच्या.

त्वचेच्या रंगाचे सहा प्रकार सांगणारी फिट्झपॅट्रिक नावाची मोजपट्टी अभ्यासात होती. थॉमस फिट्झपॅट्रिक हे अमेरिकन त्वचातज्ज्ञ. १९७५ साली त्यांनी ती गोऱ्या कातडीसाठी केली, सावळे आणि काळे प्रकार पुढे जोडले गेले. वहिनींनी स्वतःचा हात टेबलावरच्या दिव्याखाली धरून पाहिला. "म्हणजे आपण नंतर आलो."

पेरॉक्साइडच्या बाटलीवर 'वीस व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं, ते चौदा वर्षं त्या वापरत होत्या. वीस म्हणजे काय? एक लिटर द्रावणातून वीस लिटर ऑक्सिजन निघेल इतकं तीव्र, म्हणजे सुमारे ६ टक्के. चाळीस म्हणजे १२. मी वहीवर मोल काढून गणित करून दाखवलं आणि बारावीनंतर पहिल्यांदा केमिस्ट्री उपयोगी पडल्याचा मलाच आनंद झाला. वहिनी म्हणाल्या, "हे परीक्षेत येत नाही, पण राहू द्या."

आणि मग तो धडा आला. केसांचा रंग. प्रश्नसंचात एका ओळीचा प्रश्न. पॅच टेस्ट कुठे करतात? उत्तर, कानाच्या मागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला. वहिनींनी बरोबर उत्तरावर क्लिक केलं, हिरवी खूण आली, आणि त्या पुढच्या प्रश्नावर गेल्याच नाहीत.

त्या रात्री कॉल संपल्यावर आम्ही एक वाजेपर्यंत बसलो. केस काळे करणाऱ्या बहुतेक पक्क्या रंगांत पॅरा-फेनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, असतं. काही लोकांचं शरीर त्याची पहिल्या काही वेळा नुसती नोंद करून ठेवतं. बाहेर काहीच दिसत नाही. मग एखाद्या वेळी ते ओळखतं आणि बिथरतं. तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. पापण्यांची कातडी पातळ, म्हणून सूज तिथे जास्त. आणि एकदा ओळख पटली की ती सहसा जन्मभर राहते. दहा वेळा काही न होणं हा अकराव्या वेळेचा पुरावा नव्हे.

आमच्या कामात असा बग असतो. लायब्ररीचं नाव वेगळं, पॅकेट वेगळं, आत तोच कोड. म्हणून मी विचारलं, "काकू मधल्या काळात आणखी काही लावायच्या का?"

"काळी मेंदी," वहिनी म्हणाल्या. "दर महिन्याला. घरीच."

दुसऱ्या दिवशी त्या काकूंकडून पाकीट घेऊन आल्या. मेंदीचं पान केशरी-तपकिरी रंगतं, कोळशासारखं काळं नाही. काळं करायचं तर त्यात दुसरं काहीतरी घालावं लागतं. समोर हिरव्या पानांचं चित्र, मागे मुंगीच्या अक्षरांत घटक. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून वाचलं. पीपीडी होतं.

वहिनी बराच वेळ ते पाकीट हातात घेऊन उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे चूक माझी नव्हती?"

मी हो म्हणणार होतो. पण त्यांनी आपल्या कपाटातला रंगाचा जुना डबा आधीच टेबलावर आणून ठेवला होता. अशा रंगांच्या डब्यावर सावधानतेची सूचना छापणं आपल्याकडे कायद्यानेच बंधनकारक आहे. रंगामुळे कातडीला त्रास होऊ शकतो, आधी थोड्या जागेवर लावून बघा, भुवया-पापण्यांना लावू नका. आत चाचणी कशी करायची त्याचा कागदही असतो. वहिनी तो कागद चौदा वर्षं गिऱ्हाइकाच्या मानेवरचे रंगाचे ओघळ पुसायला वापरत होत्या.

"अर्धी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रडल्या वगैरे नाहीत. संध्याकाळी काकूंकडे जाऊन सगळं सांगून आल्या, काळ्या मेंदीचं आणि कागदाचंही. काकू म्हणाल्या म्हणे, "मले तर वाटलं होतं, तुले माहीत असंल."

परीक्षेचं लवकर सांगून टाकतो. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर झाली, माउस थरथरला नाही, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत चांगले गुण मिळाले. प्रमाणपत्र ऑनलाइन आलं, मी काली पुतली चौकाजवळच्या दुकानातून रंगीत प्रिंट काढून आणली. दादाने फ्रेम करून आरशाच्या वर लावली. गेल्या वर्षभरात ती एकाही गिऱ्हाइकाने वाचलेली मी पाहिली नाही.

वाचतात ती दारावरची पाटी. वहिनींनी स्वतः स्केचपेनने लिहिली, हिंदीत आणि खाली मराठीत. 'केसांना रंग लावायचा असल्यास दोन दिवस आधी या.' डब्यातला कागद चोवीस तास म्हणतो, पण उशिरा उठणारी ॲलर्जी त्यात निसटू शकते, म्हणून यांनी अठ्ठेचाळीस धरले. आणि दर वेळी नव्याने, जुन्या गिऱ्हाइकालाही.

लग्नाच्या घाईत दोन दिवस कुणाकडे असतात? नवरीची आई संध्याकाळी सहाला येते, सातला हळद असते. त्या सीझनमध्ये सात घरचं काम गेलं. पलीकडच्या रस्त्यावर नवं पार्लर झालंय, तिथे बसल्या बसल्या रंग लावून देतात. दादा एकदा चिडून म्हणाला, "शिकून धंदा वाढतो म्हणतात, आपला अर्धा झाला." मुलाच्या ट्यूशनचे दोन हप्ते मी भरले, वहिनींनी ते वहीत उधार म्हणून लिहून ठेवलेत. मी खोडायला गेलो तर वही कपाटात गेली. पाटी काढा असं मात्र अजून कुणी म्हणालेलं नाही, आईसुद्धा नाही. ती अलीकडे येणाऱ्या बायकांना स्वतःच विचारते, "कानामागे लावून घेतलं का?"

काल कॉलवर होतो तेव्हा पडद्याआडून आवाज आला. कॉलेजातली एक मुलगी होती, कानामागे रंगाचा ठिपका लावून घेतलेली.

"वहिनी, आंघोळ केली तर चालेल ना?"

"कर, पण तिथे पाणी लागू देऊ नको. खाजलं तर लगेच धुवायचं आणि मला फोन करायचा. नाही तर परवा संध्याकाळी ये."

"परवा माझा पेपर आहे."

"मग तेरवा ये."