नर्मदेला त्रिभुज प्रदेश का नाही?

शाळेच्या भूगोलात एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘कारणे द्या – पश्चिमवाहिनी नद्या त्रिभुज प्रदेश तयार करीत नाहीत.’ दोन गुणांसाठी पाठ केलेले उत्तर परीक्षा संपताच विसरले जाते. ते प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर जबलपूरला जावे.

नदी डोंगरातून माती घेऊन निघते. समुद्राजवळ तिचा वेग मंदावला की ती माती खाली बसते, नदीला फाटे फुटतात आणि त्रिकोणी आकाराची नवी जमीन तयार होते. हाच त्रिभुज प्रदेश. चीनच्या दक्षिणेस मोती नदीचा असा प्रदेश आहे. तिथे ज्या तीन नद्या एकत्र येतात त्यांच्या चिनी नावांचा अर्थच पश्चिम नदी, उत्तर नदी आणि पूर्व नदी असा आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी पाणथळ जमिनीत तळी खणली, बांधांवर तुती लावली. तुतीचा पाला रेशीमकिड्यांना, किड्यांची विष्ठा तळ्यातल्या माशांना आणि तळ्यातला गाळ पुन्हा तुतीला! या गाळावरच ग्वांगझू बंदराची भरभराट झाली. १९८० मध्ये शेनझेनला विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि पुढे तुतीचे बहुतेक बांध कारखान्यांखाली गेले.

नर्मदेची तऱ्हा वेगळी. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत तिची लांबी १३१२ किलोमीटर. पण ती विंध्य आणि सातपुडा यांच्यामधल्या खचदरीतून वाहते. जमिनीचा मधला पट्टा खचून झालेल्या या दरीत नदीला ऐसपैस पसरायला वाव कमी. जबलपूरजवळ भेडाघाटला हे स्पष्ट दिसते. धुवांधारला उडी घेऊन ती संगमरवरी कड्यांच्या चिंचोळ्या घळीत शिरते. एके ठिकाणी हे कडे इतके जवळ येत असत, की माकडे उडी मारून पलीकडे जात, म्हणून त्या जागेचे नावच ‘बंदरकूदनी’ पडले. दरीच्या पोटातली हालचालही थांबलेली नाही. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर भूकंपाने हादरले, माणसे दगावली, हजारो घरांची पडझड झाली.

नर्मदा गाळ आणत नाही असे मात्र नाही. जबलपूरच्या पुढे दरी रुंदावते, तिथे नरसिंहपूर, नर्मदापुरम या भागांत तिनेच कसदार जमीन दिली आहे. करेलीचा गूळ याच मातीतला. उरलेला गाळ भरूचच्या पुढे खंबातच्या आखातात पोचतो. पण तिथली भरती-ओहोटी जगातल्या मोठ्या भरत्यांपैकी एक. पाण्याचा तो लोंढा गाळ विसकटून टाकतो. आलियाबेटासारखी बेटे तयार होतात, त्रिभुज प्रदेश नाही. राहते ती रुंद खाडी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनातही भरूचच्या खाडीतल्या धोकादायक भरतीचा इशारा दिलेला आहे. नर्मदा परिक्रमा करणारे लोक आजही मुखाजवळ भरतीची वेळ साधूनच नावेने पैलतीर गाठतात.

मुखाशी भरूच बंदर गाजले, तशीच वरच्या अंगाला राजधानी नांदली. जबलपूरजवळचे तेवर गाव म्हणजे कलचुरींची त्रिपुरी. भेडाघाटचे चौसष्ट योगिनी मंदिर त्यांच्याच काळातले, दहाव्या शतकातले. पुढे गढा-मंडल्याचे गोंड राज्य आले. राणी दुर्गावती १५६४ मध्ये मोगलांशी लढताना धारातीर्थी पडली. १७८१ मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. १९३९ चे त्रिपुरी काँग्रेस अधिवेशन सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली इथेच भरले.

स्वातंत्र्यानंतर नदीचे रूप बदलले ते धरणांनी. जबलपूरच्या वर बरगी धरण १९९० मध्ये पूर्ण झाले. शेतांना पाणी आणि वीज मिळाली. पण मंडला, सिवनी आणि जबलपूर या जिल्ह्यांतल्या १६२ गावांना त्याची झळ पोचली. जमीन गेलेली कितीतरी माणसे जबलपुरात येऊन सायकलरिक्षा ओढू लागली, मजुरी करू लागली. पुढे इंदिरासागर आणि ओंकारेश्वर झाली. २०१७ मध्ये सरदार सरोवराची पूर्ण उंची गाठली गेली.

आता गाळ धरणांमागे बसतो आणि खाली गोडे पाणी कमी पोचते. ज्या समुद्राला नदीचा प्रवाह थोपवून धरीत असे, तो भरतीबरोबर आत शिरतो. भरूचच्या आसपास विहिरींना खारटपणा येऊ लागला, हिलसा मासा घटला. खारे पाणी अडवण्यासाठी भाडभूतला बंधारा घालण्याचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला. कारण पावसाळ्यात अंडी घालायला हिलसा समुद्रातून याच वाटेने नदीत चढतो. बंधारा आडवा आला तर त्याने जायचे कुठून, हा त्यांचा सवाल आहे.

वरच्या गावांनी जमीन दिली आणि खालच्या गावांचे पाणी खारट झाले. दोन्हीकडच्या माणसांची एकमेकांशी ओळख नाही; पण त्यांचे सुखदुःख एकाच प्रवाहाला बांधलेले आहे. नर्मदेवरच्या कोणत्याही योजनेचा हिशेब मांडताना घाट आणि खाडी या दोन्हींची नोंद एकाच वहीत व्हायला हवी.